राजकथा, विकथा आणि आमच्या घरातला ‘सिंहासन’



महाशिवरात्रीच्या जत्रेची गर्दी ओसरली आणि आमच्या शिवमंदिराच्या रस्त्यावर पुन्हा चालता येऊ लागलं. त्या रविवारी दुपारी लेकीने ‘सिंहासन’ लावला. कॉलेजात सरांनी बघायला सांगितला होता. मी लहानपणी बाबांबरोबर पाहिलेला. म्हटलं, भाजी निवडता निवडता बघू. भाजी तशीच राहिली आणि संध्याकाळपर्यंत आम्हा मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1979 चा काळा-पांढरा सिनेमा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी दिग्दर्शन केलं. मुख्यमंत्र्यांना निनावी फोन येतो की तुमच्याच पक्षातला माणूस तुमची खुर्ची ओढतोय. मग अर्थमंत्री दाभाडे, कामगार पुढारी डिकास्टा, स्मगलर, सगळ्यांची गणितं सुरू होतात. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू दाभाडे. आणि हे सगळं जवळून बघणारा पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले. शेवटी हा दिगू वेड्यासारखा हसत सुटतो.

लेक म्हणाली, “आई, अख्ख्या सिनेमात शहाणा तेवढा एकच. त्याला कळलं, सगळे सारखे.” आणि लगेच पुढचं वाक्य, “म्हणून मी मतदार यादीत नाव घालणार नाही.” तिला नुकतंच अठरावं संपलंय. फॉर्म 6 महिनाभर टेबलावर पडून आहे.

मी म्हटलं, दिगू शहाणा झाला म्हणून हसत नाही, हरला म्हणून हसतोय. त्याने सगळं पाहिलं, पण कशातच हात घातला नाही. आणि त्या दिगूला जन्म देणारे अरुण साधू? तेही पत्रकारच. त्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, पण ते हसत बसले नाहीत. लिहीत राहिले, पुढे पुणे विद्यापीठात पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांना घडवलं. मग तुझा आदर्श कोण, दिगू की साधू?

तिने शांतपणे विचारलं, “आणि तू? डिसेंबरात मत कुणाला द्यायचं ते बाबांनी सकाळी नाश्त्याला सांगितलं ना तुला?”

मैत्रिणींनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती थांबली नाही. “20 डिसेंबरला आपल्या अंबरनाथमध्ये मतदान झालं. काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले 12 नगरसेवक जानेवारीत भाजपबरोबर गेले, पक्षाने निलंबित केलं तर सरळ भाजपमध्येच दाखल झाले. ज्यांनी त्यांना मतं दिली त्यांना कुणी विचारलं का? हा सिनेमा जुना आहे असं तूच म्हणत होतीस ना?”

तिचा राग खरा आहे. पण निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे तिला सांगण्याचा अधिकार आपण गमावलाय. आज मला हेच लिहायचंय.

स्वाध्यायात मी हा सिनेमा पाहिल्याचं बोलले, तर एक ताई म्हणाल्या, “राजकथा ही विकथा. घरात असलं कशाला लावता?” बरोबर आहे, चार विकथांमध्ये राजकथा येते. पण विकथा म्हणजे काय? ज्या बोलण्याने कषाय वाढतात आणि आत्म्याचं काही भलं होत नाही, ते बोलणं. कोणता आमदार कोणत्या हॉटेलात उतरला हे चवीने चघळणं, ही विकथा. 2022 साली सुरत-गुवाहाटीच्या बातम्या आपण सगळ्यांनी मालिकेसारख्या पाहिल्या, तेव्हा कुणाला विकथा आठवली नाही. आठवते ती नेमकी प्रश्न विचारायची वेळ आली की.

दुसरी आपली ढाल म्हणजे अनेकांत. “त्याचंही बरोबर, ह्याचंही बरोबर, आपण कशाला बोला?” याला अनेकांत म्हणत नाहीत. स्याद्वाद सांगतो की अमुक अपेक्षेने हे असं आहे. म्हणजे आधी कुठून बघतोय ते सांगायचं आणि मग ठामपणे बोलायचं. गप्प बसायला कुणी सांगितलेलं नाही. लेकीचं ‘सगळे सारखे’ हा एकांत. आणि आपलं ‘सगळ्यांचंच बरोबर’ हाही एकांतच, फक्त गोड आवाजातला. दोन्हींचा परिणाम एकच, कुणी काही विचारत नाही.

आता घरातलंच उदाहरण घ्या. आपण पाणी गाळून पितो. माझी आजी गाळण्यातली जिवाणी जपून परत त्याच विहिरीत सोडायची, डोळ्यांना न दिसणारा जीवही मरू नये म्हणून. आणि आपल्या शिवमंदिराला लागून वालधुनी वाहते. शके 982, म्हणजे 1060 सालापासून शिलाहारांचं हे मंदिर तिच्या काठावर उभं आहे. आज कारखान्यांचं रसायन आणि गावाचं सांडपाणी पोटात घेऊन ती वाहते. पुलावरून जाताना आपण नाकाला पदर लावतो आणि पुढे होतो. आजीने त्या पाण्यात जिवाणी सोडली असती तर?

हंडाभर पाण्यातल्या जिवांसाठी एवढी काळजी, आणि अख्ख्या नदीसाठी एक प्रश्नही नाही. ही कसली अहिंसा? नदीत काय सोडायचं आणि काय नाही, हे कुठल्यातरी कचेरीत ठरतं. तिथे बसणारी माणसं आपल्या मतावर बसतात. मग ते राजकारण आपलं नाही, असं कसं म्हणता येईल?

म्हणून मला वाटतं, मत कुणाला द्यायचं हे नाश्त्याच्या टेबलावर दुसऱ्याने ठरवायचं नाही. महिला मंडळात ‘आपला समाज अमक्याच्या पाठीशी’ असा निरोप वाचून दाखवला, तर ‘का?’ एवढं तरी विचारायचं. आणि निवडून आलेल्या माणसाला, तो कुठल्याही पक्षात उडी मारो, दारात उभं राहून वालधुनीचं काय केलंस हे विचारायचं. यात द्वेष नको, शिवी नको. प्रश्न मात्र हवा.

लेकीला मी हे सगळं सांगितलं. तिला पटलं असं म्हणणार नाही. दिगूबद्दलचं तिचं मत अजून तेच आहे. पण तिने एक अट घातली, “आधी तू जाऊन विचार. तू विचारलंस तर मी फॉर्म भरते.”

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांकडे जाणार आहे. प्रश्न कागदावर लिहून ठेवलाय. एकटीने जायला थोडी भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू? शिवमंदिर परिसरातल्या कुणाला बरोबर यायचं असेल, तर देवदर्शन आटोपून साडेदहाला पुलाजवळ या.