इमारतींबरोबर आणखी काय सोपवायचे?

फ्रान्समधील शाळाबांधणीचा इतिहास आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने नीट पाहावा असा आहे. साठच्या दशकात विद्यार्थीसंख्या झपाट्याने वाढली, तेव्हा पॅरिसच्या मंत्रालयाने ठरावीक साच्याच्या, कारखान्यात तयार झालेल्या भागांच्या शाळा देशभर उभ्या केल्या. 6 फेब्रुवारी 1973 रोजी पॅरिसमधील अशाच एका पोलादी सांगाड्याच्या शाळेला आग लागली आणि पाहता पाहता इमारत कोसळली. 20 जण दगावले, त्यांत बहुतेक मुले होती.

पुढे 1983 च्या कायद्यांनी जबाबदारी वाटून दिली. 1986 पासून माध्यमिक शाळांच्या इमारती जिल्ह्यांकडे आल्या आणि ‘लिसे’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळांच्या प्रांतांकडे. शिक्षक आणि अभ्यासक्रम केंद्राकडेच राहिले. याच सुमारास, 1985 मध्ये, सरकारी बांधकामात मालकाची कर्तव्ये कायद्याने लिहून ठेवली: गरज निश्चित करणे, जागा ठरवणे, खर्चाची मर्यादा आखणे, पैसा उभा करणे. ती दुसऱ्यावर ढकलता येत नाहीत. यानंतरच्या काळात फ्रेजूसला नॉर्मन फॉस्टर यांची लिसे उभी राहिली. तिथला उन्हाळा तिने जड काँक्रीट आणि नैसर्गिक वायुवीजनाच्या बळावर पेलला आहे. एकाच साच्यातून अशी इमारत निघाली नसती.

पण पॅरिसभोवतालच्या ईल-द-फ्रान्स प्रांतात काय झाले, तेही सांगायला हवे. लिसेंच्या दुरुस्तीची आणि दीर्घकालीन देखभालीची कामे एकत्र बांधून निविदा निघाल्या. प्रांत सल्लागार संस्थेवर विसंबला आणि ती संस्थाच संगनमतात सामील निघाली. कंत्राटदारांनी कामे आपसांत वाटून घेतली, राजकीय पक्षांना हिस्सा पोहोचला. 2005 मध्ये खटला उभा राहिला, 2007 मध्ये स्पर्धा परिषदेने 4 कोटी 73 लाख युरोंचा दंड ठोठावला. अधिकार खाली आला, पण मालकाच्या बाजूने काम तपासणारी नजर विकत घ्यावी लागली. शाळांतील देखभाल कर्मचारी तर 2004 च्या कायद्यानंतरच स्थानिक शासनाकडे आले. तोवर नळ प्रांताचा आणि तो दुरुस्त करणारा माणूस केंद्राच्या नोकरीत, अशी स्थिती होती.

आपल्याकडे शाळाखोल्यांची जबाबदारी जिल्हा परिषदेची असते आणि निधीचा मोठा वाटा वरून येतो. म्हणून मागणी स्पष्ट करू या: निधीच्या प्रत्येक आदेशात अभियंत्यांची पदे, मोजमापे तपासण्याची व्यवस्था आणि देखभालीची तरतूद नावानिशी मंजूर झालेली असावी.