बारावीच्या मराठीची शिकवणी कोण घेणार?

दिवाळीनंतर पालक आमच्याकडे येतात ते गणित नाही तर भौतिकशास्त्राची शिकवणी विचारायला. मराठीची कोणी विचारत नाही. घरी बोलतोच ना, मग शिकवायचे काय, असे वाटते. यंदा मात्र दोन मुलांनी विचारले आणि नाव सुचवताना आमची पंचाईत झाली.

आपल्या भोपाळच्या मंडळाच्या बारावीत मराठी घेता येते. पण नागपूरकडचे शिक्षक 'युवकभारती' शिकवतात. ते पुस्तक महाराष्ट्राचे. इथले शिकवणीवाले हिंदीत शिकलेले. आम्हीही त्यातलेच, म्हणून सांगतो: लिपी एकच असल्याने चूक डोळ्यांना दिसत नाही. हिंदीतला 'कि' ऱ्हस्व, मराठीतला 'की' दीर्घ. तसेच 'शक्ति' आणि 'शक्ती'. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड! वह्या तपासताना आजही आम्ही शब्दकोश जवळ ठेवतो.

गाइड घोकून घेणारा नको, उत्तरे लिहवून तपासणारा हवा. पांढुर्णा-सौंसरमध्ये निवृत्त मराठी शिक्षक आहेत. विश्वस्तांनी मानधन ठरवून त्यांना आठवड्यातून दोन दिवस शाळेतच बोलवावे. खर्च होईल, हे खरे. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी इटालियनची उच्च परीक्षा २००६ मध्ये सुरू झाली, विद्यार्थी थोडे म्हणून २००९ नंतर बंद पडली. इटली सरकारने व तिथल्या इटालियन समाजाने पैसा उभा केला, तेव्हा २०१२ मध्ये ती पुन्हा झाली.

आपली परीक्षा अजून चालू आहे. पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, ही विनंती.