मान ताठ होण्याची वाट पाहू नका

वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात मस्तिष्कावरणदाहाचे, म्हणजेच मेनिन्जायटिसचे, वर्णन मोठे ठसठशीत असते : तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान आणि ढळत जाणारी शुद्ध. हेच वर्णन लिहून आपण सारे परीक्षा उत्तीर्ण झालो. रुग्ण मात्र पाठ्यपुस्तक वाचून आजारी पडत नाही. नेदरलँड्समधील प्रौढ रुग्णांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जिवाणूजन्य आजाराच्या ६९६ प्रसंगांपैकी ताप, ताठ मान आणि बिघडलेली शुद्ध ही त्रयी केवळ ४४ टक्के प्रसंगांत एकत्र आढळली. डोकेदुखी धरून चार लक्षणांपैकी किमान दोन मात्र ९५ टक्के प्रसंगांत होती. सारांश, दोन लक्षणे जुळली की संशय घ्यावा. चौथ्याची वाट पाहू नये.

तान्ह्या मुलांत तर मान बहुधा मऊच राहते. दूध न ओढणे, सतत किरकिरणे, उचलून घेतले असता अधिकच रडणे, नजर शून्यात लागणे, झटका येणे, टाळू फुगणे, कधी ताप न येता अंग गार पडणे, अशी तेथील भाषा असते. ‘दात येत असतील’ किंवा ‘दृष्ट लागली असेल’ असे म्हणून आजीने मीठमोहऱ्या ओवाळाव्यात, त्याला आमची हरकत नाही. पण त्यापायी रात्र उलटू देऊ नये. तापासोबत अंगावर जांभळट-लाल ठिपके उठले आणि ते दाबूनही मावळले नाहीत, तर तासाभराचाही विलंब परवडत नाही.

याउलट क्षयजन्य प्रकार पावलांचा आवाज न करता येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक मंदावणे, चिडचिड, सकाळची डोकेदुखी, अधूनमधून उलटी. मग एके दिवशी डोळा तिरळा होतो आणि मूल गुंगीत जाते. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानीकडून इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयाकडे येणाऱ्या रुग्णांची वाट लांबची असते. या आजाराला तेवढीच उसंत पुरते. आपले महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली सुरू झाले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनने या आजारावर केलेल्या उपचारांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी हे निदान म्हणजे जवळजवळ मृत्युलेखच होता. आज औषधे आहेत. पण शुद्ध हरपण्यापूर्वी ती सुरू झाली तरच त्यांचा खरा लाभ होतो.

मग विलंब होतो कोठे? माझ्या मते दोन ठिकाणी, आणि दोन्ही आपल्या हातातली आहेत.

पहिले ठिकाण आपले दवाखाने. तापाचा उगम न शोधता प्रतिजैविकाच्या चार गोळ्या देण्याची सवय आपल्याला जडली आहे. या अपुऱ्या मात्रेने आजार बरा होत नाही, झाकला जातो. पुढे पाण्याच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि क्षय की अर्धवट उपचार झालेला जिवाणूजन्य आजार, असा पेच पडतो. याचा अर्थ औषध रोखून धरावे असा मुळीच नाही. संशय बळकट असेल आणि मोठे रुग्णालय दूर असेल, तर शक्य झाल्यास रक्त कल्चरसाठी घेऊन सेफ्ट्रायाक्झोनची पूर्ण मात्रा शिरेतून द्यावी आणि औषध, मात्रा व वेळ चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहावी. सीटी स्कॅनसाठी थांबावे लागले, तरी औषधाने थांबू नये. चोरटी अर्धी मात्रा आणि विचारपूर्वक दिलेली पूर्ण मात्रा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

दुसरे ठिकाण आपली घरे. ‘पाठीतले पाणी काढले की मूल लुळे पडते’ हा समज मराठी घरांत आहे, तसाच शेजारच्या हिंदी घरांतही. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तान्ह्या बाळाचा किंचित खाली. सुई त्याच्याही खाली घातली जाते. प्रौढाच्या शरीरात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. तपासणीला लागतात अवघे काही मिलिलिटर. मेंदूवर दाब वाढल्याची चिन्हे असतील तर डॉक्टर स्वतःच थांबतात. लुळेपणा येतो तो आजाराने. सुईच्या माथी तो मारला जातो, एवढेच. पण हे समजावण्याऐवजी आपण संमतिपत्र पुढे सरकवून ‘सही करा’ म्हणतो, हा दोष आपला.

प्रतिबंधाच्या बाबतीत आपण पूर्वीच्या पिढीहून भाग्यवान आहोत. बीसीजी लस मुलांना क्षयजन्य प्रकारापासून बरेच संरक्षण देते. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’ या जंतूविरुद्धची लस पंचगुणी लसीतून २०११ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी कार्यक्रमात आली आणि न्यूमोकोकसची लस २०२१ मध्ये देशभर पोहोचली. वाहणारा कान हेही जंतूंना मेंदूच्या आवरणांकडे नेणारे दार आहे. त्यात तेल घालून तो बंद होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जिवाणूजन्य प्रकारात सहा रुग्णांमागे एक दगावतो आणि पाचांमागे एकाला गंभीर व्यंग जडते. बहिरेपण त्यांतले प्रमुख. म्हणून घरी पाठवताना मुलाच्या श्रवणतपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहिल्याखेरीज आपले काम संपले असे मानू नये. मूल वाचले, पण पुढे आईची हाक त्याला ऐकू आली नाही, तर ते यश अर्धेच म्हणावे लागेल.