सरकार पळून जात नाही, म्हणून?

मालवणात हल्ली एक मत छातीठोकपणे मांडलं जातं. बाजारातला गाळा दुकानाला देऊ नका, पर्यटकांच्या भरवशावर तर मुळीच राहू नका, सरकारी कार्यालयाला द्या. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, तारकर्लीचे पाण्यातले खेळ बंद, दुकानदार हात वर करतो. सरकारचं भाडं मात्र बारमाही. परवा एका जाणत्या गृहस्थांनी वर ठसक्यात विचारलं, "सरकार खंय पळान जातला?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. माझा मात्र संताप झाला.

पळून जात नाही, हीच तर घरमालकाची अडचण आहे. सरकारी खात्याने खासगी जागा घेतली की भाडं मालक ठरवत नाही आणि कार्यालयही ठरवत नाही. सार्वजनिक बांधकाम विभाग जागा मोजतो आणि वाजवी भाड्याचा दाखला देतो. तो आकडा मान्य केला तरी 'भाडेपट्टी व कर' या शीर्षाखाली तरतूद हवी, ती बीम्स या सरकारच्या अनुदान-वाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसायला हवी, मग देयक कोषागारात. कराराची मुदत संपली असेल तर देयक आक्षेप घेऊन परत. मुदतवाढीचा प्रस्ताव वर जातो, साहेबांची बदली होते, नवे साहेब दाखला जुना झाला म्हणून नवा मागवतात. पुन्हा मोजणी. तोवर मार्च उजाडतो आणि आलेलं अनुदान थकबाकीलाही पुरत नाही.

माझ्या आत्याच्या घराचा तळमजला असाच एका कार्यालयाकडे होता. "आजी, अनुदान नाही आलं," हे वाक्य तिने शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं. त्या काळात मागच्या पडवीची कौलं सरकली, चिऱ्याच्या भिंतीतून पाणी पाझरलं, लाल फडक्यात बांधलेले दप्तराचे गठ्ठे बुरसले. मग तिलाच पत्र आलं: शासकीय अभिलेखाची हानी होत आहे, त्वरित दुरुस्ती करावी. भाडं थकवणाऱ्याने घरमालकिणीला तंबी द्यायची! तिने कर्ज काढून कौलं बदलली. घरपट्टी मात्र तिने वेळेवर भरली, कारण ती थकली की शास्ती चढते. तिच्या थकलेल्या भाड्यावर कुणी शास्ती लावली नाही.

दुकानदाराने भाडं थकवलं तर त्याच्या दारात उभं राहता येतं. सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस. शिवाय १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्या भाडेकरूच्या संरक्षणाबाहेर ठेवल्या. सरकारी खाती त्या यादीत नाहीत, म्हणजे त्यांना भाडेकरूचं संरक्षण आहेच.

कार्यालयामुळे बाजार चालतो म्हणे. २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आहे. मालवणात गर्दी होते ती शनिवार-रविवारी, आणि नेमकं तेव्हाच त्या दाराला कुलूप असतं.

माझ्यावर आरोप होईल की हा माणूस कार्यालयांच्याच विरोधात आहे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तेव्हापासूनचा, जिल्ह्याचं मुख्यालय ओरोसला असण्याचा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. त्या वादात मी कायम हेच म्हणत आलो की जिल्ह्याच्या एका कागदासाठी मालवणच्या माणसाचा अख्खा दिवस आणि एसटीचं दोन्ही वेळचं तिकीट जातं. आजही तेच म्हणेन. कार्यालयं गावातच हवीत, पण एखाद्या म्हातारीच्या जिवावर नकोत.

तेव्हा जागा जरूर द्या. करार संविधानाच्या कलम २९९ प्रमाणे राज्यपालांच्या नावाने, अधिकार असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचा आणि नोंदणी केलेला असू दे. मुदत, भाडेवाढ आणि मुदत संपताच ताबा, ही कलमं त्यात स्पष्ट लिहून घ्या. दाखला आणि मंजुरीचा आदेश हातात पडेपर्यंत चावी देऊ नका; "साहेब, तुम्ही बसा, कागद मागाहून होतील," या भिडेपोटीच आमची घरं अडकली आहेत. आणि मुदत संपायच्या सहा महिने आधी स्वतः जाऊन लेखी पत्र द्या, आवक क्रमांकाची पोच मिळेपर्यंत त्या टेबलापासून हलू नका.