प्रश्नावली पाठवू नका, वर्गात येऊन बसा

मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर यांस,



मी धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिक्षक आहे. आमच्याकडे एकच माणूस सगळे विषय शिकवतो, त्यात इंग्रजीही आली. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नावल्या येतात, पीएच.डी.च्या, एम.एड.च्या, कुठल्या कुठल्या विद्यापीठांच्या. ‘इंग्रजी अध्यापनातील समस्या’ हा विषय, खाली ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय आणि ‘सर, संध्याकाळपर्यंत तेवढं भरून द्या’ ही विनंती. मधल्या सुट्टीत एकीकडे खिचडी वाटत आम्ही ते भरून टाकतो. पुढे त्याचे काय झाले, हे कोणी कळवत नाही. निष्कर्ष मात्र न वाचता सांगता येतो: साधने अपुरी, पालक उदासीन, शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे.

संशोधकांवर माझा राग नाही. नोकरी सांभाळून, परवानगीसाठी खेटे घालून ते प्रबंध पुरा करतात. पण आमच्या वर्गावर झालेले संशोधन आमच्या वर्गात परत येत नाही, ही माझी तक्रार आहे.

जून 2000 मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्याने पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. तोवर ती पाचवीला भेटायची. त्यावर रान उठले, बाजूने आणि विरोधात भरपूर लिहिले गेले. तेव्हा पहिलीत बसलेल्या मुलांची मुले आता आमच्याकडे पहिलीत बसू लागली. मराठी शाळांमधला एवढा मोठा प्रयोग पाव शतक चालू आहे आणि आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्यावरचे एखादे संशोधन कोणी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. परिपत्रके मात्र झाडून सगळी वाचली जातात.

संशोधनाला विषय म्हणाल तर आमच्या वह्यांत पडून आहेत. चौथीच्या वहीत एक वाक्य हमखास सापडते: ‘माय फादर आर अ फार्मर.’ लाल रेघ मारायची, ‘इज’ लिहायचे, पुढची वही घ्यायची, एवढेच आम्हाला शिकवलेले. पण तेच पोर खालच्या ओळीत ‘माय मदर इज’ अगदी बरोबर लिहिते. त्याच्या घरात आई येते आणि वडील येतात. आईला एकेरी, वडिलांना आदरार्थी अनेकवचन. तो हिशेब त्याने चोख इंग्रजीत नेला. म्हणजे त्याला ‘इज’ आणि ‘आर’मधला फरक कळला आहे, उलट जरा जास्तच कळला आहे. चूक हा मुलाच्या डोक्यात चाललेल्या नियमाचा पुरावा असतो, असे भाषावैज्ञानिक पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच मांडले. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक्रमात ते शिकवतातही. मात्र मराठी मुलांच्या अशा नेमक्या चुका, त्यांची कारणे आणि त्यावर वर्गात काय करावे, एवढे सांगणारी चार पाने माझ्या टेबलावर नाहीत.

शिवाय ‘मराठी मुले’ म्हणून तरी कुठे भागते? उमरग्याकडे काही घरांत कन्नड बोलतात, तांड्यावर गोरमाटी, कुठे उर्दू. त्या मुलांना मराठीच दुसरी, इंग्रजी तिसरी. भूम-वाशीकडची काही मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परततात, तोवर निम्मे पुस्तक उरकलेले असते. भारतात इंग्रजी ही दुसरी भाषा, असे पुस्तकांत लिहितात. पुण्या-मुंबईत असेलही. आमच्या गावात ती दुकानाच्या पाटीवर दिसते, मोबाइलवर दिसते, पण कोणाच्या तोंडून ऐकू येत नाही. शाळा सुटली की इंग्रजीही सुटली. आजूबाजूला भाषा आहे असे गृहीत धरून बेतलेल्या पद्धती इथे कशा चालाव्यात?

साध्या शाळांतून मोठे संशोधन होत नाही, असे कोणी म्हणू नये. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर, मद्रास भागातल्या नेहमीच्या शाळांत वेगळा प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांसमोर नकाशे, रेल्वेची वेळापत्रके ठेवली आणि त्यांवरचे प्रश्न इंग्रजीतून सोडवायला लावले. आज कृतीवर आधारलेल्या भाषाशिक्षणाची चर्चा जगात कुठेही निघाली तरी बंगळूरचे नाव निघते. तुळजापूरच्या बसस्थानकावर यात्रेच्या दिवसांत लागणाऱ्या जादा गाड्यांचे वेळापत्रक घेऊन सहावीच्या वर्गात हे करून बघायला काय हरकत आहे? चालले नाही तर का चालले नाही, तेही लिहा. आम्हाला त्याचाही उपयोग होईल.

धाराशिवला आपल्या विद्यापीठाचा उपपरिसर आहे, तिथे इंग्रजीचा विभाग आहे. जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) आहे. या दोघांनी मिळून एक केंद्र निवडावे. संशोधक विद्यार्थ्याने वर्षभर त्या केंद्रातल्या वर्गांत बसावे, वह्या पाहाव्यात, मुलांशी बोलावे, आणि शिक्षकाला नुसता माहिती देणारा न समजता सोबतीला घ्यावे. प्रबंध इंग्रजीत लिहा, काही म्हणणे नाही. पण त्याचा चार पानी मराठी सारांश केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडल्याशिवाय मौखिक परीक्षेची तारीख देऊ नये, एवढा नियम आपण करू शकाल. परिषदेत आम्ही प्रश्न विचारू, ते मौखिक परीक्षेपेक्षा सोपे असतील याची खात्री देत नाही.

येत्या शैक्षणिक वर्षापासून एका केंद्रात तरी ही सुरुवात व्हावी, ही विनंती. परवानगीचे तेवढे आपल्या पातळीवर बघा. वर्ग आणि वह्या आम्ही देतो.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक,
जि. धाराशिव