जुन्या मालमोटारीचे हरवलेले बळ

मावळ तालुक्यातील उर्से हे गाव पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या अगदी कडेला आहे. पूर्वेस पुण्याचा गुलटेकडी बाजार, पश्चिमेस घाटाखाली वाशीचा बाजार आणि दादरची फुलांची पेठ. पवन मावळातील भात, भाजीपाला, फुले व ऊस या सर्वांची किंमत अखेर वाहतुकीवर अवलंबून राहते. नवी मालमोटार घेणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही. म्हणून पंधरा-वीस वर्षे वापरलेली जुनी गाडी एकट्याने वा भागीत घेतली जाते, आणि बोरघाट चढताना तिची धाप लागली की एकच प्रश्न पुढे येतो : थोड्या खर्चात हिचे बळ कसे वाढवावे?

या प्रश्नाला गॅरेजमध्ये ठरलेले उत्तर मिळते. इंधनपंपाचे सील तोडावयाचे आणि स्क्रू फिरवून डिझेलचा पुरवठा वाढवावयाचा. काम तासाभराचे, खर्चही किरकोळ, आणि त्याच दिवशी गाडी अधिक जोमाने ओढू लागते. परंतु हा उपाय स्वस्त नव्हे. तो उधारीचा आहे, आणि ती उधारी इंजिनालाच फेडावी लागते.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास कमीत कमी 12 किलो हवा लागते. घनफळात सांगावयाचे तर ही हवा सुमारे 10,000 लिटर, म्हणजे दोनशे लिटरची पन्नास पिंपे भरतील इतकी होते. पंपाचा स्क्रू फिरविल्याने डिझेल वाढते. हवा मात्र तेवढीच राहते. मग जळण अपुरे होते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि धुराची उष्णता वाढते. पिस्टन, हेड व गॅस्केट यांना ती सोसत नाही. काजळी इंजिनतेलात उतरून रिंगा व लायनर झिजवते. घाटात तर ही उणीव वाढतेच, कारण सुमारे 620 मीटर उंचीवरील लोणावळ्याची हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे 6 टक्के विरळ असते. धाप लागलेल्या बैलास पराणी टोचावी, तसाच हा प्रकार होय. बैल चार पावले जोरात टाकतो, पण त्याची शक्ती वाढत नाही.

जुन्या इंजिनाच्या बाबतीत खरा प्रश्न नवे बळ मिळविण्याचा नसून कारखान्यातून निघतानाचे जे बळ वाटेत हरवले, ते परत मिळविण्याचा आहे. हे बळ एका ठिकाणी हरवत नाही. थोडे येथे, थोडे तेथे असे गळते. म्हणून शोधही क्रमाने, बिनखर्ची तपासणीपासून सुरू करावा.

प्रथम इंजिन बंद ठेवून एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा व दुसऱ्याने पंपावरील दांडी शेवटपर्यंत जाते की नाही ते पाहावे. खिळखिळ्या सांध्यांमुळे ती अनेकदा अर्ध्यावरच थांबते. त्यानंतर गाडी चार-पाच मैल चालवून, ब्रेक फारसा न लावता थांबवावी आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहावे. एखादा ड्रम इतरांहून बराच तापला असेल तर तेथे ब्रेक चिकटतो आहे, व इंजिनाचे बळ तेथेच जळत आहे असे समजावे. टायरमधील हवा मापून घ्यावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे होत असेल तर दोष क्लचमध्ये आहे. अशा वेळी इंजिन खोलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

दुसरा क्रम हवेचा. मावळातील मातीचे रस्ते, भातमळणीचा भुस्सा व खडीच्या वाहतुकीची धूळ यांमुळे हवेची गाळणी लवकर तुंबते. तेलाची गाळणी असल्यास तळाचा गाळ काढून, खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. कागदी गाळणी धुऊ नये. फार मळली असल्यास बदलावी. गाळणी काढून टाकून गाडी चालविण्याची चाल काही ठिकाणी आहे. तिने क्षणभर मोकळेपणा येतो, परंतु धूळ सरळ लायनरवर जाऊन इंजिन अल्पावधीत निकामी होते. सायलेन्सर काजळीने दाटला असेल तर तोही मोकळा करावा. श्वास घेण्याइतकेच श्वास सोडणेही महत्त्वाचे आहे.

तिसरा क्रम इंधनाचा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साठते. ते तळातून काढून टाकावे. डिझेलच्या गाळण्या वेळेवर बदलाव्यात व नळ्यांत हवा शिरत नाही ना, ते पाहावे. नोझल यंत्रावर तपासून घ्यावेत. तुषार न पडता थेंब पडत असेल तर डिझेल जळण्याऐवजी वाया जाते. त्याबरोबरच टॅपेटमधील अंतर व पंपाचे टायमिंग गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे बसवावे. ही कामे माहितगार कारागिराची आहेत, परंतु संपूर्ण इंजिन खोलण्याच्या मानाने त्यांचा खर्च अल्प असतो.

यानंतरही गाडी ओढत नसेल तर कॉम्प्रेशन तपासावे. ते गेले असेल, निळा धूर येत असेल व इंजिन तेल खात असेल, तर स्वस्त उपाय उरलेला नाही हे स्वच्छपणे मान्य करावे. इंजिन नव्याने बांधणे किंवा गाडी काढून टाकणे, एवढेच दोन मार्ग राहतात. टर्बोचार्जर बसविण्याचा सल्लाही काही वेळा दिला जातो. पण जे इंजिन त्याकरिता घडविलेले नाही, त्यास तो ताप सोसत नाही. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार वाहनात मनास येईल तसा बदल करता येत नाही. जुन्या व्यापारी वाहनास दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रही घ्यावे लागते, आणि तेथे काळा धूर लपत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र इंजिनाच्या बाहेरच आहे. दहा टन एकूण वजनाची गाडी वीसास एक अशा चढावर ताशी 20 किलोमीटर वेगाने नेण्यास चाकांशी सुमारे 44 अश्वशक्ती लागते. वजन एक टनाने कमी केले तर चार-साडेचार अश्वशक्ती वाचते, म्हणजेच कोणताही पैसा न खर्चता जवळजवळ दहा टक्के बळ हाती येते. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तेथील 37 स एक अशा चढावर गाडीला मागून जादा इंजिने लावण्याची पद्धत आहे. एकाच इंजिनाचा जीव काढावयाचा नाही, हे शहाणपण त्या पद्धतीत आहे. मालमोटारीस मागून इंजिन लावता येत नाही. ओझे मात्र दोन फेऱ्यांत वाटता येते.

उर्से व आसपासच्या शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाशीकडे माल जातो तेव्हा भरलेली गाडी घाट उतरत असते. चढ लागतो तो परतीला, खते वा इतर सामान आणताना. जातेवेळी प्रश्न बळाचा नसून आवरण्याचा असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, व न्यूट्रलमध्ये गाडी कदापि सोडू नये. हाती थोडाच पैसा असेल आणि पंप व ब्रेक यांतून एकाचीच निवड करावयाची असेल, तर तो ब्रेकवर खर्च करावा. फुलांचा भाव एक दिवस पडला तर दुसऱ्या दिवशी चढतो. घाटात सुटलेली गाडी परत मिळत नाही.

शेतावर नवे बियाणे घेताना जाणता शेतकरी शेजारी जुन्या वाणाचा पट्टा ठेवून तुलना करतो. तीच रीत गाडीस लावावी. एका वेळी एकच दुरुस्ती करावी. ओळखीच्या चढावर, तेवढ्याच ओझ्यानिशी लागलेला वेळ आणि फेरीमागे लागलेले डिझेल वहीत मांडावे. तीन महिन्यांत ही वही कोणत्याही गॅरेजपेक्षा खरा सल्ला देऊ लागेल. दिवाळीच्या सुमारास भातकापणी सुरू होण्यापूर्वी हे काम हाती घेतल्यास हंगामात गाडी अडणार नाही, आणि जी शक्ती विकत आणावयाची म्हणून शेतकरी निघाला होता, तिच्यापैकी बरीचशी त्याच्याच गाडीत पडून होती, असे त्याच्या प्रत्ययास येईल.