सड्यावर रोपं मोजू नका, गवत मोजा

राधानगरी, शाहूवाडीकडच्या सड्यांवरून बॉक्साईट काढलं जातं. काम संपलं की खड्डे मुजवायचे, वर रोपं लावायची, किती लावली तो आकडा अहवालात टाकायचा. विषय संपला! पण मंडळी, एक साधा प्रश्न कुणी विचारतंय का? त्या जमिनीवर पुन्हा गुरं चरतात का?

सडा म्हणजे जांभ्या दगडावरचा मातीचा पातळ थर. परक्याला ओसाड वाटतो. पण पावसाळ्यात तिथं गवताबरोबर तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुलतात. कडेनं करवंद, तोरण, धायटीची झुडपं. धनगरवाड्यांच्या म्हशी यावरच जगल्या. उन्हाळ्यात बाजारात पाटी भरून येणारी करवंदं असल्याच झुडपांची. तिथं सरळ रेषेत ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी केली तर हिरवं दिसेल, पण म्हशीनं खायचं काय?

हे मी भावनेनं बोलत नाही. ८ जानेवारी २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की खाणकाम थांबल्यावर खाणपट्टाधारकानं तिथं पुन्हा गवत उगवलं पाहिजे; चारा, झाडंझुडपं आणि प्राणी यांच्या योग्यतेची जमीन करून दिली पाहिजे. ही अट पट्ट्यातच घाला, असंही सांगितलं. खर्च खाणवाल्याचा. कोर्टानं चारा म्हटलंय, नुसती वृक्षलागवड नव्हे.

कुणी म्हणेल, जुन्या खाणींचं काय? आदेश २०२० चा असेल, पण गुरांची भूक त्याआधीची आहे की राव!

आता तपासणी. त्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. मीटर बाय मीटरची लाकडी चौकट घ्या. मुजवलेल्या जमिनीवर काही जागा दगड पुरून कायमच्या ठरवा. दरवर्षी सप्टेंबरअखेर, गवत कापायच्या आधी, त्याच जागी चौकट ठेवा. आत गवत किती, कोणतं, उघडी माती किती, ते लिहा. झुडपांसाठी मोठा चौकोन आखा. त्याच जागेवरून फोटो काढा. आणि शेजारच्या न खोदलेल्या सड्यावरही हेच करा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

नावं लिहिणं महत्त्वाचं. रानमोडी आणि घाणेरीही हिरवीच असते. लांबून काढलेल्या फोटोत सगळं छान दिसतं, पण जनावर तोंड लावत नाही. मारवेल, पवन्या आला का, करवंद आपोआप रुजली का, हे गावातली जुनी माणसं एका नजरेत सांगतील. त्यांना आणि शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्राच्या पोरांना एकत्र बसवा.

आणि तो कागद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. पाच वर्षांचे पाच कागद शेजारी ठेवले की जमीन सुधारली की नुसती झाकली, ते शाळकरी पोरगंही सांगेल.

ज्यांच्या गावात मुजवलेली खाण आहे, त्यांनी यंदा एवढं विचारा: रोपं किती ते राहू दे, गवत किती आलं?